चर्मपत्रापासून मुक्त ग्रंथालयापर्यंत : आइसलँडमधील ग्रंथरक्षणाची कथा

२१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कच्या आरमाराची ‘वेडेरेन’ ही नौका आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील बंदराला लागली. त्या दिवशी शाळांना सुट्टी देण्यात आली होती, दुकाने बंद होती आणि धक्क्यावर हजारो नागरिक दाटीवाटीने उभे होते. ज्यांना बंदरावर येणे शक्य नव्हते ते घरोघरी आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून या आगमनाचा वृत्तान्त ऐकत-पाहत होते. एवढ्या जनसमुदायाला ज्यांची प्रतीक्षा होती ती केवळ दोन जुनी पुस्तके होती. एकाचे नाव ‘फ्लातेयारबोक’ आणि दुसऱ्याचे ‘कोडेक्स रेगियस’. पहिले तीनशे वर्षांहून अधिक काळ आणि दुसरे तितकाच काळ परदेशी राजाच्या ग्रंथसंग्रहात राहून आता आपल्या जन्मभूमीस परत येत होते.

दोन हस्तलिखितांसाठी अवघ्या देशाने कामधंदा बाजूला ठेवावा, हे दृश्य ग्रंथप्रेमी मनाला सुखावणारे तर आहेच. परंतु त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढे घडली. इतक्या प्रयासाने परत मिळविलेले हे धन आइसलँडच्या लोकांनी तिजोरीत बंद करून ठेवले नाही. पुढील सुमारे चाळीस वर्षांत त्यांनी आपली हस्तलिखिते, जुनी छापील पुस्तके, वृत्तपत्रे, नियतकालिके आणि अखेरीस सार्वजनिक पैशातून होणारे विद्यापीठीय संशोधनही, जगातील कोणालाही विनामूल्य वाचता येईल अशा रीतीने खुले करण्याचा मार्ग धरला. ज्यांच्याकडून एकदा सर्वस्व गेले होते त्यांनी ते परत आल्यावर सर्वांसाठी दार उघडावे, हे वरकरणी विसंगत वाटते. या देशाच्या ग्रंथपरंपरेचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र त्यातील संगती ध्यानात येते.

लहान देश, मोठे वाङ्मय

उत्तर अटलांटिक महासागरातील हे बेट क्षेत्रफळाने सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर असले, तरी त्याची लोकवस्ती नेहमीच अत्यल्प राहिली आहे. १७०३ साली तेथे झालेली शिरगणती नावनिशीवार नोंदविली गेली आणि ती संपूर्ण राष्ट्राची अशा प्रकारची पहिली शिरगणती समजली जाते. त्या वेळी साऱ्या देशात ५०,३५८ माणसे होती. आजही ही संख्या चार लाखांच्या आतच आहे. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम शहरात मावेल एवढ्या या समाजाने मध्ययुगात जे वाङ्मय निर्माण केले, त्यावाचून उत्तर युरोपच्या प्राचीन दैवतकथांचा व राजवंशांचा इतिहास लिहिताच आला नसता.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः नॉर्वेतून आलेल्या लोकांनी येथे वसाहत केली. इ.स. ९३० च्या सुमारास त्यांनी ‘आल्थिंग’ ही लोकसभा स्थापन केली आणि इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्माबरोबर रोमन लिपी आली. परंतु या लोकांनी ती केवळ लॅटिन धर्मग्रंथांपुरती राखून न ठेवता तीत आपली बोली लिहावयास आरंभ केला. बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सोन याने लोकभाषेत देशाचा इतिहास लिहिला. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसोन आणि अनेक अनामिक लेखकांच्या हातून ‘सागा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गद्यकथा अवतरल्या. कागद दुर्मीळ होता. लेखन वासराच्या कमावलेल्या कातड्यावर होत असे. १३८७ साली लेखनास आरंभ झालेल्या ‘फ्लातेयारबोक’ची २२५ पाने आहेत आणि त्यांसाठी शंभराहून अधिक वासरांची कातडी लागली असावीत. हा ग्रंथ कोणा राजाने नव्हे, तर योन हाकोनारसोन नावाच्या एका सधन शेतकऱ्याने दोन धर्मगुरूंकडून लिहवून घेतला होता. त्या समाजात ग्रंथाचे स्थान काय होते, हे या एकाच गोष्टीवरून समजून येईल.

ग्रंथांचे देशांतर

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलँड नॉर्वेच्या राजसत्तेखाली गेले आणि पुढे नॉर्वेबरोबरच डेन्मार्कच्या अमलाखाली आले. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, मठ बंद पडले आणि मठांतील ग्रंथांना वाली उरला नाही. सतराव्या शतकात स्कॅन्डिनेव्हियाच्या राजदरबारांत आपापल्या राष्ट्राच्या प्राचीन वैभवाचा शोध सुरू झाला, तेव्हा त्या वैभवाचे पुरावे आइसलँडच्या शेतघरांत पडून आहेत, ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानी आली. स्काउलहोल्ट येथील बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सोन हा स्वतः व्यासंगी ग्रंथसंग्राहक होता. त्याने १६५६ साली ‘फ्लातेयारबोक’ आणि १६६२ साली ‘कोडेक्स रेगियस’ डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक याला भेट म्हणून पाठविले. यांपैकी दुसऱ्या ग्रंथात प्राचीन एड्डा काव्ये आहेत. त्याची आज ४५ पाने उरली असून मधली आठ पाने केव्हाच नाहीशी झालेली आहेत. त्यातील बहुतेक काव्यांची अन्य जुनी प्रत कोठेही नाही.

या संग्रहकार्याला खरी व्याप्ती दिली ती आर्नी माग्नुसोन (१६६३–१७३०) याने. जन्माने आइसलँडचा आणि कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक असलेला हा विद्वान १७०२ ते १७१२ या काळात जमिनीच्या पाहणीसाठी सरकारी कामगिरीवर मायदेशी हिंडला. शेताशेताची नोंद करता करता त्याने घराघरांतील जुन्या लेखांची विचारपूस केली. जीर्ण चर्मपत्रांचा उपयोग लोक वाटेल त्या कामासाठी करीत होते. एका हस्तलिखिताची पाने बिशपच्या शिरोभूषणाला आधार म्हणून कापून शिवलेली सापडली. दुसऱ्या एका पानावर शिंप्याने कपड्याचा नमुना बेतला होता. माग्नुसोनने असे तुकडेही टाकले नाहीत. कोणते पान कोठे व कोणाकडून मिळाले, याची टिपणे तो ठेवीत असे आणि ती टिपणे आज संशोधकांना मूळ ग्रंथाइतकीच मोलाची वाटतात.

हा सारा संग्रह कोपनहेगनला गेला आणि तेथेच त्याच्यावर मोठा घाला आला. ऑक्टोबर १७२८ मध्ये त्या शहरास लागलेली आग तीन दिवस धुमसत होती. आपल्या घरापर्यंत ज्वाळा पोहोचणार नाहीत अशा आशेवर माग्नुसोनने ग्रंथ हलविण्यास विलंब केला. अखेर बहुतेक चर्मपत्रे वाचविता आली. परंतु छापील पुस्तके जवळजवळ सर्व जळाली आणि कागदांचाही मोठा भाग भस्मसात झाला. स्टॉकहोमहून अभ्यासासाठी उसनी आणलेली ‘हेइदारवीगा सागा’ची पानेही त्यात गेली आणि त्या पानांची नुकतीच केलेली नक्कलही गेली. ती नक्कल उतरवून घेणारा लेखक योन ओलाफ्सोन याने आगीनंतर तो भाग आठवणीतून पुन्हा लिहून काढला. त्या सागेचा आरंभ आज जगाला ठाऊक आहे तो एका मनुष्याच्या स्मरणशक्तीमुळे. या धक्क्यातून माग्नुसोन सावरला नाही. जानेवारी १७३० मध्ये त्याचे निधन झाले. उरलेला संग्रह त्याने विद्यापीठाच्या स्वाधीन केला.

शेतघरातील वाचनसभा

ग्रंथ परदेशी गेले, तरी वाङ्मय देशाबाहेर गेले नाही, हे या इतिहासातील मर्म आहे. सतराव्या शतकापासून आइसलँडमध्ये कागद मिळू लागला होता आणि जुनी चर्मपत्रे राजधानीकडे रवाना होण्यापूर्वी व नंतरही त्यांच्या नकला उतरविल्या जात होत्या. छापखाना सोळाव्या शतकातच होलार येथे आला होता. १५८४ साली संपूर्ण बायबल लोकभाषेत छापून निघाले, पण तो छापखाना दीर्घकाळ चर्चच्या हाती असल्याने त्यावर मुख्यतः धार्मिक ग्रंथच निघत. सागा वाचावयाच्या तर त्या हाताने उतरवून घेणे, हाच उपाय होता. शेतकरी, मच्छीमार, शेतमजूर अशा माणसांनी हे काम केले आणि छापील पुस्तके विपुल झाल्यावरही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते पूर्णपणे थांबले नाही.

या नकलांचा उपयोग कसा होत असे, तेही पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यातील दीर्घ रात्री गवताच्या ढेपांनी बांधलेल्या घरात सर्व कुटुंब एका खोलीत जमे. माशाच्या तेलाचा दिवा मिणमिणत असे. बायका व पुरुष लोकर पिंजीत, सूत कातीत, विणकाम करीत आणि एक जण मोठ्याने सागा वाची किंवा दीर्घ कथाकाव्ये चालीवर म्हणे. या रिवाजाला ‘क्वोल्डवाका’ म्हणजे सांजजागर असे नाव होते. वही एका घरातून दुसऱ्या घरात उसनी जाई आणि परत येण्यापूर्वी तिची आणखी एक नक्कल झालेली असे. १७८३–८४ च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकाने गुरेढोरे मेली, उपासमार झाली आणि सुमारे पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. तरीही हा वाचनाचा धागा तुटला नाही. ज्या ग्रंथाची एकच प्रत होती त्याचे भवितव्य आगीच्या स्वाधीन होते. ज्याच्या वह्या शेतोशेती पसरल्या होत्या त्याला सहसा मरण नव्हते.

रास्कची भविष्यवाणी

१८१३ साली रास्मुस रास्क (१७८७–१८३२) हा तरुण डॅनिश भाषापंडित आइसलँडमध्ये आला. तेथील भाषेवर त्याचे विलक्षण प्रेम होते. रेक्याविकमधील व्यापारी वर्गाच्या तोंडी डॅनिश भाषा ऐकून तो व्यथित झाला आणि त्याच वर्षी एका पत्रात त्याने भाकीत केले की, अशीच गती राहिली तर शंभर वर्षांत रेक्याविकमध्ये आणि त्यानंतर आणखी दोनशे वर्षांत साऱ्या देशात ही भाषा समजणारे कोणी उरणार नाही. रास्क केवळ हळहळून थांबला नाही. त्याच्या पुढाकाराने १८१६ साली ‘आइसलँडिक वाङ्मय मंडळ’ स्थापन झाले. या मंडळाचे ‘स्किर्निर’ हे नियतकालिक १८२७ पासून प्रसिद्ध होत आले आहे.

या रास्कचा भारताशी आलेला संबंध ग्रंथांच्या देशांतराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पुढील प्रवासात रशिया व इराणमार्गे तो १८२० साली मुंबईस पोहोचला. तेथे अवेस्ता भाषेच्या प्राचीनत्वाविषयी त्याने इंग्रजीत प्रबंध लिहिला आणि पारशी समाजाकडून अवेस्ता व पहलवी भाषांतील मौल्यवान हस्तलिखिते मिळविली. भारतातून सिंहलद्वीपास जाऊन १८२३ साली तो मायदेशी परतला, तेव्हा ती हस्तलिखिते कोपनहेगनला पोहोचली आणि तेथेच राहिली. एका लहान समाजाला आपले वाङ्मय आपल्या भूमीत सांभाळण्यास साहाय्य करणाऱ्या या विद्वानाने दुसऱ्या एका लहान समाजाचे ग्रंथ आपल्या राजधानीत नेले. त्या काळच्या विद्याव्यासंगात या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटत नव्हत्या. या संग्रहामुळे इराणी भाषांच्या अभ्यासाचा युरोपात मोठा लाभ झाला, हेही तितकेच खरे.

१८१८ साली कार्ल क्रिश्चन राफ्न या दुसऱ्या डॅनिश विद्वानाच्या सूचनेवरून रेक्याविकमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाचा पाया घातला गेला. त्याचे पहिले दीर्घकालीन वास्तव्य गावातील मुख्य चर्चच्या माळ्यावर होते. १८४८ पासून त्याची व्यवस्था पाहणारा योन आर्नासोन हा ग्रंथपाल लोककथांचा थोर संग्राहक म्हणूनही प्रसिद्ध आहे. १८८१ साली हे ग्रंथालय नव्या संसदभवनात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःच्या वास्तूत गेले. गावोगावी वाचनसंस्था निघाल्या. पुस्तकांबरोबर राजकीय जागृती वाढली. १९११ साली विद्यापीठ स्थापन झाले, १९१८ साली सार्वभौमत्व मिळाले आणि १७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले.

हस्तलिखितांची घरवापसी

स्वातंत्र्याबरोबर हस्तलिखितांची मागणी प्रखर झाली. या वादाला दोन बाजू होत्या आणि दोन्हींत तथ्य होते. ग्रंथ डेन्मार्कला नेले नसते, तर ओलाव्याने, धुराने व दारिद्र्याने त्यांतील कित्येक नष्ट झाले असते. माग्नुसोनचा संग्रह तर त्याने स्वेच्छेने कोपनहेगनच्या विद्यापीठास दिलेला होता, असे डॅनिश विद्वानांचे म्हणणे होते. उलट ज्या भाषेत हे ग्रंथ लिहिले गेले ती भाषा आजही बोलणारे व वाचणारे लोक त्यांच्या दर्शनाला पारखे झाले आहेत, असे आइसलँडचे म्हणणे होते. डेन्मार्कच्या संसदेने १९६१ साली हस्तलिखिते परत देण्याचा कायदा संमत केला आणि १९६५ साली त्यास पुन्हा मान्यता दिली. संग्रहाच्या विश्वस्तांनी न्यायालयात धाव घेतली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९७१ चा तो दिवस उजाडला.

त्यानंतरचे काम संथपणे व काळजीपूर्वक चालले. प्रत्येक हस्तलिखिताची डागडुजी करावी, त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच ते रवाना करावे, असा क्रम ठेवण्यात आला. जून १९९७ मध्ये शेवटची हस्तलिखिते पोहोचली, तोपर्यंत माग्नुसोनच्या संग्रहातील १,६६६ हस्तलिखिते व हस्तलिखितांचे भाग आणि राजग्रंथालयातील १४१ हस्तलिखिते आइसलँडला मिळाली होती. उरलेला भाग कोपनहेगनमध्येच राहिला. माजी राज्यकर्त्या राष्ट्राने संसदेच्या ठरावाने आपल्या संग्रहातील एवढा मोठा ठेवा परत करावा, असे उदाहरण इतिहासात विरळा. २००९ साली युनेस्कोने या संपूर्ण संग्रहाची ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद केली, ती दोन्ही देशांच्या नावे.

याच काळात राष्ट्रीय ग्रंथालय व विद्यापीठ ग्रंथालय एकत्र करण्याचा संकल्पही तडीस गेला. इमारतीचे काम १९७८ साली सुरू झाले होते; परंतु निधीच्या अभावी ते रेंगाळत राहिले आणि १ डिसेंबर १९९४ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी, तिचे दार उघडले. आपल्याकडील ग्रंथालयांच्या बांधकाम समित्यांना हा कालावधी परिचयाचा वाटावा.

संगणकावरील नवी नक्कल

नव्या वास्तूत पुस्तके मांडली जात असतानाच ग्रंथालयाच्या कल्पनेलाच नवे रूप देणारे साधन पुढे आले. संगणकाला आइसलँडिक भाषेत ‘तोल्वा’ म्हणतात. हा शब्द सागांचे थोर अभ्यासक सिगुर्दुर नोर्दाल यांनी १९६० च्या दशकात घडविला. त्यात संख्यावाचक शब्द आणि प्राचीन भविष्यवादिनीचे नाव यांचा संयोग आहे. परका शब्द न घेता जुन्या भांडारातून नवा शब्द काढण्याची ही रीत त्या भाषेच्या स्वभावाला धरूनच होती.

१९९७ साली राष्ट्रीय ग्रंथालय, आर्नी माग्नुसोन संस्था आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ यांनी ‘सागानेट’ हा उपक्रम हाती घेतला. कॉर्नेलचे पहिले ग्रंथपाल विलर्ड फिस्क (१८३१–१९०४) यांनी आयुष्यभर जमविलेला आइसलँडिक ग्रंथसंग्रह त्या विद्यापीठास दिलेला होता. त्यामुळे हा सहयोग स्वाभाविक होता. सागांची हस्तलिखिते व जुन्या छापील आवृत्त्या यांच्या पानापानांच्या प्रतिमा घेऊन त्या इंटरनेटवर कोणालाही पाहता येतील अशा ठेवण्यात आल्या. २०१० साली ‘हांड्रिट’ नावाची हस्तलिखितांची सामाईक सूची सुरू झाली. रेक्याविकमधील दोन्ही संस्था आणि कोपनहेगनमधील आर्नी माग्नुसोन संग्रह यांनी ती मिळून उभारली आहे. ज्या दोन देशांत मालकीवरून दशकानुदशके वाद झाला, त्यांची हस्तलिखिते आता एकाच सूचीत शेजारी शेजारी दिसतात. ‘हांड्रिट’ या शब्दाची घडण मराठीतील ‘हस्तलिखित’ या शब्दासारखीच आहे, हा योगायोगही मराठी वाचकांस रुचावा.

वृत्तपत्रे व नियतकालिके यांचे काम २००२ च्या सुमारास सुरू झाले. या योजनेत फेरो बेटे व ग्रीनलंड यांनाही सहभागी करून घेण्यात आले, कारण आइसलँडहून लहान असलेल्या त्या समाजांना असा खर्च एकट्याने पेलणे कठीण होते. ‘टीमारिट’ या नावाने चाललेल्या या संग्रहात १८६१ पासूनचे ग्रीनलंडमधील वृत्तपत्र आहे, १८७८ पासूनचे फेरो बेटांतील वृत्तपत्र आहे आणि १९१३ पासूनचे आइसलँडचे ‘मोर्गुनब्लादिद’ हे दैनिकही आहे. पानांची एकूण संख्या सुमारे साठ लाखांवर गेली असून शब्द देऊन शोध घेता येतो. चालू वृत्तपत्रांच्या बाबतीत प्रकाशकांशी करार करून काही काळाचे अंतर ठेवले जाते. आजोबांची मृत्युवार्ता शोधणारा नातू आणि मासेमारीच्या अर्थकारणाचा अभ्यासक या दोघांनाही एकाच दाराने आत जाता येते. त्यासाठी ओळखपत्र लागत नाही की वर्गणी लागत नाही.

२००३ साली अमलात आलेल्या कायद्यानुसार छापील प्रतींप्रमाणेच देशाच्या संकेतस्थळांवरील मजकूरही राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावा, असे ठरले. कातड्याचे पान शिंप्याच्या कात्रीत सापडत असे. संकेतस्थळावरील पान तर कात्रीवाचूनच नाहीसे होते. माग्नुसोनचे काम त्याच्या वारसांनी अशा रीतीने नव्या क्षेत्रात चालू ठेवले आहे.

विनामूल्य ज्ञानाचा खर्च

वाचकाला विनामूल्य मिळणारी वस्तू कोणी ना कोणी मूल्य देऊनच निर्माण केलेली असते, याची जाणीव या छोट्या देशाने प्रारंभापासून ठेवली. प्रश्न दुहेरी होता. स्वतःचे वाङ्मय जगासाठी खुले करणे हे स्वतःच्या हाती होते. परंतु जगातील शास्त्रीय ज्ञान स्वतःच्या लोकांपर्यंत आणणे परकीय प्रकाशकांच्या हाती होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधनविषयक नियतकालिकांच्या वर्गण्या इतक्या वाढल्या की श्रीमंत देशांतील विद्यापीठांनाही त्या जड जाऊ लागल्या. त्यावर आइसलँडने काढलेला तोडगा असा : प्रत्येक ग्रंथालयाने स्वतंत्र वर्गणी भरण्याऐवजी साऱ्या देशासाठी एकच करार करावयाचा. १९९९ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची इंटरनेट आवृत्ती अवघ्या राष्ट्रासाठी खुली करण्यात आली, असे करणारा तो पहिला देश होता. पुढील वर्षांत मोठ्या शास्त्रीय प्रकाशकांशी तसेच करार झाले. खर्च ग्रंथालये, संस्था व शासन यांनी वाटून घेतला. उत्तर किनाऱ्यावरील खेड्यातील डॉक्टर किंवा शाळाशिक्षक राजधानीतील प्राध्यापक जे नियतकालिक वाचतो तेच आपल्या घरी बसून वाचू लागला.

या व्यवस्थेची मर्यादा लवकरच दिसून आली. ऑक्टोबर २००८ मध्ये देशातील मोठ्या बँका कोसळल्या, चलनाची किंमत झपाट्याने घसरली आणि परकीय चलनात ठरलेल्या वर्गण्या एकाएकी महाग झाल्या. विकत घेतलेले दार पैसे संपताच बंद होऊ शकते, हा धडा साऱ्या ग्रंथालयजगताला होता. ‘ओपन अॅक्सेस’ म्हणजे मुक्त उपलब्धता या विचाराला यामुळे अधिक वजन आले. या विचाराचे पहिले मोठे जाहीरनामे २००२ साली बुडापेस्ट येथे आणि २००३ साली बर्लिन येथे निघाले होते. संशोधनाचा खर्च जनतेच्या पैशातून होत असेल, तर त्याचे फलित जनतेला पुन्हा विकत घ्यावे लागू नये, एवढाच त्याचा सरळ अर्थ. आल्थिंगने २०१२ साली संशोधन-अनुदानाच्या कायद्यात दुरुस्ती करून सार्वजनिक निधीतून अनुदान मिळालेल्या संशोधनाचे निष्कर्ष मुक्तपणे उपलब्ध करावेत, असे बंधन घातले. २०१४ साली आइसलँड विद्यापीठाने तसेच धोरण स्वीकारले. विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘स्केम्मान’ या सामाईक भांडारात ठेवले जातात. त्या शब्दाचा अर्थच मुळी कोठार असा आहे.

खर्चाचा प्रश्न यामुळे संपला असे नाही. पूर्वी वाचकाकडून पैसे घेणारे प्रकाशक अनेक ठिकाणी आता लेखकाकडून लेख प्रसिद्धीचे शुल्क घेतात आणि ते भरणे लहान देशांना सोपे नसते. देशातील स्वतःची नियतकालिके मात्र याबाबतीत आधार ठरली आहेत. १९१५ पासून चालू असलेले डॉक्टरांचे ‘लैक्नाब्लादिद’ हे मासिक किंवा हस्तलिखितविद्येला वाहिलेले ‘ग्रिप्ला’ हे वार्षिक कोणालाही मुक्तपणे वाचता येते.

दोनशे वर्षांनंतर

रास्कने १८१३ साली केलेल्या भाकिताला २०१३ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी आइसलँडिक भाषा घरात, बाजारात, संसदेत आणि विद्यापीठात नांदत होती. त्याच वर्षी १७०३ च्या शिरगणतीची युनेस्कोच्या नोंदवहीत नोंद झाली. रेक्याविकविषयीची रास्कची भविष्यवाणी खोटी ठरली आणि ती खोटी ठरविणाऱ्यांत तो स्वतः अग्रभागी होता.

तथापि धोका टळला असे तेथील जाणते लोक मानीत नाहीत. आता डॅनिशच्या जागी इंग्रजी आहे. विद्यापीठातील संशोधक आपला शोध जगाने वाचावा म्हणून इंग्रजीत लिहितो. मुले खेळतात, पाहतात व ऐकतात तेही बहुतांशी इंग्रजीत. २०१२ साली युरोपातील तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत संगणकयुगात सर्वाधिक धोक्यात असलेल्या भाषांमध्ये आइसलँडिकचा समावेश होता. दार उघडे ठेवल्याने ज्ञान बाहेर जाते तसे वारेही आत येते, ही अडचण खरी आहे. तेथील लोकांनी त्यावर दार लावून घेण्याचा उपाय केला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिसामालहेइल्द’ या भाषासंग्रहात अब्जाहून अधिक शब्दांचा आइसलँडिक मजकूर एकत्र करून संशोधकांच्या हाती देण्यात आला. यंत्राला आपली भाषा कळावी म्हणून आपणच तिचा साठा खुला करावा, असा हा विचार आहे. तो कितपत सफल होतो, हे पुढील पिढीच पाहील.

एप्रिल २०२३ मध्ये हस्तलिखितांसाठी रेक्याविकमध्ये ‘एड्डा’ ही नवी वास्तू उघडण्यात आली. पायाचा खड्डा २०१३ साली खणून पैशाअभावी वर्षानुवर्षे तसाच राहिला होता आणि नागरिक त्याला थट्टेने ‘आइसलँडिक विद्येचा खड्डा’ म्हणत असत. त्या खड्ड्याच्या जागी आज चर्मपत्रे योग्य तापमानात, मंद प्रकाशात विसावली आहेत आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांतील निवडक ग्रंथ तेथील प्रदर्शनात मांडलेले आहेत. पाहणाऱ्याला त्यांना स्पर्श करता येत नाही. पण त्याच ग्रंथांची पाने रात्री घरी संगणकावर उलटता येतात. मूळ प्रत जपून ठेवावी आणि नक्कल हिंडू द्यावी, हा शेतघरांतील जुना व्यवहारच तेथे नव्या साधनांनी चालला आहे.

शंभर वर्षे एखादे ग्रंथालय चालविणाऱ्यांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. कपाटांतील जुने अंक, आश्रयदात्यांनी दिलेली पुस्तके, हाताने लिहिलेल्या दाखल-नोंदवह्या, ज्यांची दुसरी प्रत कोठे असेल याची खात्री नाही असे स्थानिक प्रकाशन, हे धन प्रत्येक जुन्या ग्रंथालयाजवळ असते. आइसलँडमध्ये सर्वांत आधी कोणी काय केले, असे पाहिले तर उत्तर साधे आहे : कोणा शेतकऱ्याने शेजाऱ्याची वही उसनी आणली, दिव्याजवळ बसून ती उतरवून घेतली आणि मूळ वही वेळेवर परत केली.